वही कुणाची, हिशेब कुणाचा? – सुप्याच्या खतपत्रांपासून डेटा संरक्षण कायद्यापर्यंत



आजचा विषय तसा वकिलांचा. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कलमांची यादी वाचून दाखवणं हे माझं काम नाही. पण २०२३ साली आपल्या संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मे २०२७ पर्यंत त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होतील. तेव्हा गुजरीतल्या सराफापासून राजारामपुरीतल्या क्लासपर्यंत आणि पतसंस्थेपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना तो लागू होणार. बहुतेक लोक म्हणतात, हे नवीन फॅड आहे, युरोपातून आलेलं. मला आज एवढंच सांगायचं आहे की हा प्रश्न नवीन नाही आणि परका तर मुळीच नाही. एकाची माहिती दुसऱ्याच्या वहीत असते, आणि ज्याची माहिती आहे त्यालाच ती वही बघता येत नाही, हा तो प्रश्न. महाराष्ट्रात त्यावर दीडशे वर्षांपूर्वी आग लागली होती. अगदी शब्दशः आग.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. बाजाराचं गाव. त्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हे लोण पसरलं. पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारनं जमीन महसूल वाढवला. शेतकरी कर्जात रुतला.

आता बघा, या दंग्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं ती नोंदवून ठेवली आहे. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता. तिजोरीवरही नव्हता. त्यांना हवी होती खतपत्रं, गहाणखतं, हुकूमनामे. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथं बहुधा अंगाला हात लागला नाही. जिथं दिले नाहीत, तिथं मारहाण झाली, घरं पेटली. म्हणजे लोकांना कळत होतं की आपल्याला बांधून ठेवणारी दोरी ती कागदाची आहे.

असं का? १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या खतावर दावा करायची मुदत तीन वर्षं ठरली. हेतू चांगला होता, कर्जदाराला वाचवायचा. पण झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत फिरवून नवं लिहून घ्यायचा, मुद्दलात व्याज मिसळून. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. त्याची सही म्हणजे 'निशाणी नांगर'. जुन्या दस्तांत नांगराचं ते चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. वर काय लिहिलं आहे हे त्याला कळत नसे. विचारलं तर सावकार जे वाचून दाखवील ते खरं. कायद्याच्या दृष्टीनं मात्र तो 'राजीखुशीनं' दिलेला करार होता.

मंडळी, मोबाइलवर एखादं ॲप उघडताना खाली 'मला मान्य आहे' असं एक बटण येतं. वर चाळीस पानं असतात, इंग्रजीत. आपण ते दाबतो. ही आपली निशाणी नांगर आहे. आपण शिकलेले आहोत, एवढाच काय तो फरक. वाचत कुणीच नाही. संमती म्हणजे काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. ज्याला पर्याय नाही आणि ज्याला समजलेलं नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणायचं का? १८७५ चा शेतकरी याचं उत्तर 'नाही' असं देत होता. त्याच्याकडे भाषा नव्हती, म्हणून त्यानं काडी लावली.

दंगा मोडला, धरपकड झाली, आयोग बसला, आणि १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे आपल्याकडे तो नव्हता. या कायद्याची चर्चा होते ती कर्जकोर्टांच्या अंगानं. पण त्यातली तीन लहान कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. एक, शेतकऱ्यानं पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. दोन, त्याला वर्षाकाठी खात्याचा लेखी उतारा मागता आला पाहिजे. तीन, त्याला पासबुक मागता आलं पाहिजे आणि त्यात वेळोवेळी हिशेब लिहून मिळाला पाहिजे. न देणाऱ्याला दंड.

म्हणजे काय झालं? वही सावकाराचीच राहिली, पण तिच्यातली माहिती ज्याच्याबद्दल आहे, त्याला ती बघायचा हक्क मिळाला. २०२३ च्या कायद्याचं अकरावं कलम नेमकं हेच म्हणतं: तुमच्याबद्दल आमच्याकडे काय माहिती आहे, तिचं आम्ही काय करतो आणि ती कुणाकुणाला दिली, याचा गोषवारा मागायचा तुम्हाला हक्क आहे. १८७९ चं पासबुक आणि आजचं अकरावं कलम ही एकाच घराण्यातली आहेत.

आणि त्या कायद्याचं पुढं काय झालं, तेही ऐका. सावकारांनी वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. तोंडी वायदा असा की पैसे फेडलेस की जमीन परत. कायदा गहाणाबद्दल बोलत होता, विक्रीबद्दल नाही. आणि पासबुकाचं म्हणाल, तर ज्याच्या दारात उद्या बियाण्यासाठी पुन्हा उभं राहायचं आहे, त्याच्याकडे आज लेखी हिशेब मागायची छाती किती जणांची होणार? हक्क कागदावर मिळतो. तो मागायची ताकद वेगळी लागते. हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

सावकाराच्या वहीपेक्षा मोठी वही असते ती सरकारची. तिची गोष्ट मात्र आपल्या कोल्हापूरचीच आहे.

१८७१ साली इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. १९११ साली तो नव्यानं केला, त्याची व्याप्ती वाढवली आणि बोटांचे ठसे घ्यायची सोय केली. माणसानं गुन्हा केला म्हणून नाव नोंदवायचं नाही. तो अमुक जमातीत जन्मला म्हणून नोंदवायचं. एकदा नोंदवहीत नाव चढलं की चावडीवर, पोलिसांकडे हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवानगी. गावात चोरी झाली की आधी वही उघडायची. आपल्या संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड अशा समाजांना हजेरी द्यावी लागत होती. १९१८ साली शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याची कामं दिली. ज्यांच्यावर जगानं पहारा ठेवला, त्यांनाच पहारेकरी केलं.

शाहू महाराजांचं हे काम आपण सामाजिक न्याय म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते माहितीच्या इतिहासातलंही पाऊल आहे. वहीतली नोंद माणसाचं भविष्य ठरवते, आणि ती नोंद पुसायचा अधिकार त्या माणसाकडे नसतो. महाराजांनी ती नोंदच निरर्थक ठरवली. ब्रिटिश हिंदुस्थानात हा कायदा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. स्वतंत्र भारतात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून भटक्या-विमुक्तांचे लोक आजही तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. नोंद गेली, पण नोंदीचा वास जात नाही, हे त्यांना विचारा.

असंच एक उदाहरण युरोपातलं सांगतो, म्हणजे हा आपलाच काहीतरी खास रोग आहे असं वाटायला नको. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंद फार टापटिपीची होती. नाव, पत्ता, धर्म. चांगल्या कारभारासाठीच ठेवलेली. १९४० साली नाझी आले आणि ती तयार यादी त्यांच्या हातात पडली. ज्यू कुठं राहतात हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममध्ये काही कलावंत आणि कार्यकर्त्यांनी त्या नोंदणी कार्यालयालाच आग लावली. त्यातल्या बारा जणांना पुढे गोळ्या घातल्या. सुपे आणि ॲमस्टरडॅम. काळ वेगळा, माणसं वेगळी, पण दोन्ही ठिकाणी लोकांनी जाळली ती नोंद. युद्धानंतर डेटा संरक्षणाचे पहिले कायदे जर्मनीत आणि स्वीडनमध्ये झाले, हे उगाच नाही. १९७० साली जर्मनीतल्या हेसे राज्यात, १९७३ साली स्वीडनमध्ये. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला गाजलेला जीडीपीआर हा त्याच वेलीवरचा.

आता आपल्या न्यायालयांकडे येऊ. 'खासगी' हा शब्दच बघा. मराठी संस्थानांत 'खासगी' म्हणजे राजाची स्वतःची मिळकत, त्याचं स्वतःचं खातं. दौलत वेगळी, खासगी वेगळी. म्हणजे खासगी हा राजाचा विशेष होता. रयतेला कसली आली खासगी? तिचं सगळं चावडीवर. या शब्दाला रयतेपर्यंत पोचायला २०१७ साल उजाडावं लागलं.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात सांगितलं की आपल्या घटनेत खासगीपणाचा असा वेगळा हक्क नाही. १९६२ साली खडक सिंग याचा खटला आला. उत्तर प्रदेशातला माणूस; दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला. तरी पोलिसांनी त्याची 'हिस्ट्री शीट' उघडली आणि रात्री-अपरात्री दार ठोठावायला लागले. ही हजेरीच की, फक्त उलटी: तुम्ही चावडीवर जायच्या ऐवजी चावडी तुमच्या घरी. न्यायालयानं रात्रीच्या त्या फेऱ्या रद्द केल्या, पण खासगीपणाचा हक्क काही मान्य केला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत लिहिलं की खासगीपणा हा स्वातंत्र्याचाच भाग आहे. आणि १९९० साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, मधुकर मार्डीकर नावाच्या पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एखाद्या बाईचं नाव समाजात वाईट असलं, तरी तिच्या घरात तिच्या इच्छेविरुद्ध घुसायचा हक्क कुणाला नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. प्रतिष्ठितांची अब्रू सगळेच जपतात. जिला अब्रू नाही असं लोक म्हणतात, तिच्या बाबतीत हक्काची खरी परीक्षा होते.

पुढचा टप्पाही महाराष्ट्रातच सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, रेशन मधल्यामध्ये कुणी खाऊ नये, हा हेतू. तो खोटा नव्हता. पण ठसे आणि डोळ्यांची बुबुळं यांची एवढी मोठी वही जगात फार थोड्या सरकारांनी केली असेल, आणि सुरुवातीला तिच्यामागे कायदाच नव्हता. तो २०१६ साली झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली न्यायालयात गेले. सरकारनं जुने निकाल पुढे केले: खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. म्हणून नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊही जणांनी एकमुखानं सांगितलं, आहे. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते, आणि धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालानं नागरिकाला न्यायालयाचं दार बंद केलं, त्यात यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. मुलानं याच निकालपत्रात वडिलांचा तो निर्णय चुकीचा ठरवला.

निकाल लागायच्या आधीच, जुलै २०१७ मध्ये, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ साली आला, २०१९ साली विधेयक आलं, २०२२ साली ते मागं घेतलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आजचा कायदा झाला.

हा झाला नागरिकाच्या बाजूचा इतिहास. धंद्याच्या बाजूचाही एक आहे. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या, एम्फसिसच्या, काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांकडून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पळवली. परदेशी गिऱ्हाईक विचारायला लागलं, तुमच्याकडे माहिती जपायचा कायदा आहे का? त्यानंतर, २००८ च्या दुरुस्तीनं, माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ कलम आलं: संवेदनशील माहिती हलगर्जीपणे सांभाळली आणि कुणाचं नुकसान झालं, तर कंपनीनं भरपाई द्यायची. म्हणजे चांगल्या कायद्याची गरज ग्राहकाइतकीच धंद्यालाही होती. विश्वास नसेल तर काम मिळत नाही.

आणि २०१८ चा ऑगस्ट. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ साली स्थापन झालेली. तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरलेल्या माहितीवरून बनावट कार्डं केली, बँकेच्या यंत्रणेला फसवलं, आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. त्यातली काही एटीएम आपल्या कोल्हापुरातली होती. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली. सांगायचं काय, तर सहकारी संस्था म्हणजे आपली, गावातली, तिच्याकडे कोण बघतंय, ही समजूत आता चालणार नाही.

आता नवा कायदा धंद्याला काय सांगतो, ते थोडक्यात. माहिती ठेवणाऱ्याला त्यानं 'फिड्युशियरी' म्हटलं आहे. मराठीत विश्वस्त. माहितीचा मालक नव्हे. या एका शब्दात सगळं आलं. देवस्थानच्या विश्वस्तानं दागिने सांभाळायचे असतात, घालून मिरवायचे नसतात.

कायद्यातच औषधाच्या दुकानाचं एक उदाहरण आहे. तुम्ही औषध घेतलं, पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला. दुकानदारानं त्या नंबरवर पावती पाठवावी. पण तोच नंबर त्यानं विमा एजंटला दिला किंवा दिवाळीच्या जाहिरातीला वापरला, तर तो हेतूबाहेर गेला. कशासाठी घेतली ते सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायची, काम संपलं की पुसायची. सूचना साध्या भाषेत हवी, आणि इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आई-बापाची खात्रीलायक संमती हवी. काही संस्थांना ठरावीक कामापुरती सूट आहे. दहावीचा निकाल लागायच्या आधीच क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, तुमच्या मुलाचं नाव, शाळा, टक्के सगळं त्यांना पाठ असतं. ही यादी आली कुठून, हे आता विचारता येईल.

माहिती फुटली तर लोकांना आणि मंडळाला विलंब न करता कळवायचं. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकून लहान दुकानदार घाबरतो. घाबरू नका, ती कमाल मर्यादा आहे. चूक किती गंभीर, किती वेळा, नंतर काय सुधारणा केली, हे बघून रक्कम ठरते. पण एक गोष्ट पतसंस्थांनी आणि दवाखान्यांनी नीट ऐकावी: 'सॉफ्टवेअरवाल्याकडून फुटलं' हे उत्तर चालणार नाही. जबाबदारी तुमची. आणि जुन्या याद्या आहेत म्हणून सुटका नाही. ज्यांची संमती आधी घेतली आहे, त्यांनाही सूचना द्यावी लागेल. उलट बाजूनं, कर्जदारानं उठून 'माझी थकबाकी पुसा' म्हटलं तर बँकेला ते ऐकावं लागणार नाही. जी नोंद दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितली आहे, ती राहणार. आणि गंमत बघा, कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. कागदावरची वही स्कॅन होईपर्यंत त्याच्या बाहेर. सुप्याच्या सावकाराची वही आजच्या कायद्यातही सापडली नसती!

आता मला जे खटकतं ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला, भरपाई. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाकडे दाद मागता येते. २०१३ साली महाराष्ट्राच्या सचिवांनी पुण्यातल्या एका लहान कारखानदाराच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे त्याच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. म्हणजे त्याचाही थोडा दोष होता, तरी बँकेनं काळजी घेतली नाही हे मान्य झालं. नव्या कायद्यात दंड मोठा आहे, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया नाही. आणि ४३-अ कलम, ज्यात भरपाईचा हक्क थेट लिहिला होता, ते या कायद्याची मुख्य कलमं लागू होताना रद्द होणार आहे. म्हणजे नुकसान माझं आणि दंड सरकारजमा.

दुसरा, सरकार. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं. तक्रारी ऐकणारं मंडळही केंद्र सरकारच नेमणार. २०१९ च्या विधेयकातल्या अशाच सवलतीवर खुद्द श्रीकृष्ण यांनी जाहीर टीका केली होती. सावकाराच्या वहीला कुलूप लावलं, चावडीच्या वहीला नाही. हजेरीचा इतिहास ज्या समाजांनी भोगला, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा, माहितीचा अधिकार. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २००२ साली, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर हा अधिकार दिला. केंद्राचा कायदा २००५ चा. त्याच्या आठव्या कलमात आधी असं होतं: वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर ती नाकारता येईल, पण मोठं जनहित असेल तर द्यावी लागेल. २०१२ साली अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची मालमत्ता, मेमो, चौकशा यांची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ती वैयक्तिक ठरवली. नव्या कायद्यानं त्याच्याही पुढं जाऊन त्या अटीच काढून टाकल्या: माहिती वैयक्तिक आहे, एवढं कारण पुरे. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाली, बाकीच्या हक्कांना मात्र दीड वर्ष थांबायचं आहे. आठव्या कलमातच जनहिताची एक वेगळी वाट अजून शिल्लक आहे, नाही असं नाही. पण ती वापरायची की नाही हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या खात्याची माहिती मागितली आहे. घरकुलाच्या यादीत सरपंचाच्या भावाचं नाव आहे का, रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेली माणसं कामाला आहेत का, हे नाव बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि नाव तर वैयक्तिकच असतं!

यात गफलत कुठं आहे, ते इतिहासच दाखवतो. १८७५ चा शेतकरी आणि १९१८ चा हजेरी देणारा माणूस यांना हवं होतं ते एकच: बलवानाच्या वहीत दुबळ्याबद्दल काय लिहिलंय ते दुबळ्याला बघता यावं, आणि चुकीचं असेल तर पुसता यावं. माहितीच्या अधिकारालाही हेच हवं आहे: जनतेच्या पैशाची वही जनतेला बघता यावी. हे दोन हक्क एकमेकांचे वैरी नाहीत, सख्खे भाऊ आहेत. कांटनं सांगितलं की माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका. ज्याची नोंद ठेवली, त्याला उत्तर द्यायला बांधील राहणं, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. पण सार्वजनिक पदावरचा माणूस सार्वजनिक पैशाचं काय करतो, ही त्याची खासगी नव्हे. राजांच्या काळातही दौलत आणि खासगी या दोन वह्या वेगळ्या असत. लोकशाहीत त्या एकत्र बांधायच्या का?

मग आपण काय करायचं? १८७९ च्या पासबुकासारखं होऊ द्यायचं नाही. हक्क मिळाला आणि कुणी मागितलाच नाही, असं नको. आधारची प्रत देताना विचारा, कशाला हवी? शक्य असेल तिथं आकडे झाकलेलं आधार द्या. सूचना मराठीत मागा. मुख्य कलमं लागू झाली की तुमच्या बँकेला, दवाखान्याला, ॲपवाल्याला लेखी विचारा, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे? आधी त्यांच्याकडेच तक्रार करायची; उत्तर द्यायला त्यांना जास्तीत जास्त नव्वद दिवस आहेत. नाही दिलं तर मंडळाकडे. आणि इथं माझ्या वयाची मंडळी बरीच दिसतात, म्हणून सांगतो: आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरायचे, याचं नामनिर्देशनही करता येणार आहे.

एकट्यानं विचारायला संकोच वाटतो, हे मला मान्य आहे. सुप्याच्या शेतकऱ्यालाही एकट्यानं वाटतच होता. म्हणून ग्राहक संघटना, तालमी, महिला मंडळं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा इथं हा विषय निघाला पाहिजे. वार्षिक सभेत आपण लाभांश विचारतो, भेटवस्तू विचारतो. यंदा एक प्रश्न जास्त विचारा: आमची माहिती कुणाकुणाच्या हातात आहे? त्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर जी संस्था देईल, ती हा कायदा पाळते आहे असं समजा. जी देणार नाही, तिथं पुन्हा विचारा.